तांदळाएवढे जबडे

आमच्या विल्मिंग्टनकडे माशी धरणारी झाडं दलदलीत आपोआप उगवतात; पण रानातलं रोप उपटलं तर तुरुंग. म्हणून माझ्या नवऱ्यानं, डोर्सीनं, खिडकीतल्या ट्रेमध्ये बी पेरलं. पावसाचं पाणी पीत पीत रोपांना तांदळाएवढे जबडे फुटले.

"तुझ्या लेकीपेक्षा ही पोरं गुणी," तो म्हणायचा. "रडत तरी नाहीत."

"लेक माझी एकटीचीच का रे?"

तान्ही जूनी पोट दुखून दिवसभर रडायची. आज दुपारी ती रडता रडता एकदम थांबली. खिडकीत एक जबडा मिटला होता. पुन्हा रडली, पुन्हा थांबली, दुसरा मिटला.

"चिलट सापडलं असेल," डोर्सी म्हणाला.

मी सुईनं जबडा उघडून पाहिला. आत काहीच नव्हतं.

संध्याकाळी घर निवांत झालं. ट्रेमध्ये एकच जबडा उघडा राहिला होता.

"झोपली बघ एकदाची," ट्रेवर वाकून डोर्सी म्हणाला.

मी पाळण्यावर वाकले. जूनी जागी होती. चेहरा लालबुंद, डोळ्यांतून धारा, तोंड वासलेलं, इवलीशी छाती हुंदक्यांनी उडत होती. आवाज मात्र नव्हता.

जिवाच्या आकांतानं मी डोर्सीला हाक मारली.

तो ट्रेवर वाकलेलाच राहिला.

"गंमत बघ गं," माझ्याकडे पाठ करून तो म्हणाला, "शेवटचाही मिटला."