भरतीची ओळ

"ही ओळ माझी नाही," गीतकार म्हणाले.

सन्मानचिन्ह दाखवायला आलेल्या कार्यवाहांना वाटलं, कोरताना एखादं अक्षर चुकलं. त्यांनी चष्मा वर करून पितळी पाटी पुन्हा वाचली. 'दार लोटुनी जा जाताना, लाविन कडी मी सावकाश.' खाली गीतकारांचं नाव. सगळं जागच्या जागी होतं.

"सर, ही ओळ शेंबड्या पोरालाही पाठ आहे. आजच्या वक्त्यांनी तर तिच्यावर अख्खा लेख लिहिलाय. दार म्हणजे देह, कडी म्हणजे मृत्यू."

"असेल. पण माझी नाही. पहिल्या रांगेत वहिनी बसल्यात, त्यांना आत बोलवा. त्याशिवाय मी स्टेजवर पाऊल टाकणार नाही."

कार्यक्रम सुरू व्हायला दहा मिनिटं होती. कार्यवाह वहिनींना आणायला गेले. म्हातारी माणसं ऐन वेळी अशीच अडून बसतात, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

वहिनी म्हणजे संगीतकाराची बायको. संगीतकार जाऊन सहा वर्षं झाली होती. दोघांनी मिळून दोनशेवर गाणी केली, त्यातली निम्म्याहून अधिक वहिनींच्या बाहेरच्या खोलीत. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या नवऱ्याची ओळ आपल्या नावावर घ्यायची, हे काही गीतकारांच्या घशाखाली उतरत नव्हतं. चाळीस वर्षं लोकांनी वाहवा केली की ते नुसते हसत आले होते. आता ते हसू पितळेवर कोरून मिळणार होतं.

वहिनी आल्या आणि आरशासमोरच्या स्टुलावर बसल्या. गीतकारांनी एका दमात सांगून टाकलं.

"वहिनी, तो पेटीवर चाल वाजवायचा तेव्हा तोंडाला येईल ते शब्द भरायचा, आठवतं ना? बटाटे, सायकल, विजेचं बिल, काहीही. मी मापासाठी ते वहीत उतरवून घ्यायचो आणि मग त्या जागी खरे शब्द बसवायचो. त्या गाण्याच्या वेळी घाई होती. ही एक ओळ बदलायची राहिली. तशीच गायली गेली, तशीच गाजली. ती त्याची आहे. मी कधी बोललो नाही, माझं चुकलं."

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"असं कसं होईल, भाऊजी? हे तर जाईपर्यंत म्हणायचे, माझ्या सगळ्या चाली एकीकडे आणि भाऊजींची ती एक ओळ एकीकडे."

"माझी? मला कधी म्हणाला नाही."

"तोंडावर स्तुती करायचा स्वभाव होता का त्यांचा? आणि ते भरतीचे शब्द तोंडातून गेले की डोक्यातूनही जायचे."

गीतकार मटकन खुर्चीत बसले. तो म्हणतोय माझी, मी म्हणतोय त्याची. चाळीस वर्षं दोघे श्रेयाची टोपी एकमेकांच्या डोक्यावर ठेवत होते आणि दोघांनाही पत्ता नव्हता.

"मग लिहिली कुणी?"

वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "लिहिली कसली? मी म्हणायचे ती. तुम्ही दोघं निघालात की मी आत भांडी घासत असायचे. हात साबणाचे. आतूनच ओरडायचे, दार लोटून जा, कडी लावते मी लगेच."

"आणि तुम्ही इतकी वर्षं गप्प?"

"मला वाटलं, दोघांनी मिळून माझी चेष्टा केलीय गाण्यात. रागच आला होता पहिल्यांदा. मग गाणं इतकं चाललं की राग तरी किती दिवस धरणार?"

गीतकार हसायला लागले, पण वहिनी हसल्या नाहीत. पाटीवर बोट ठेवून त्या शेवटच्या शब्दापाशी थांबल्या.

"पण मी 'लगेच' म्हणायचे. हे 'सावकाश' कुणाचं?"

गीतकारांनी आठवून पाहिलं. वहीचं पान डोळ्यांसमोर आलं. "माझं नक्की नाही. मी तो म्हणाला तसं उतरवलं."

"म्हणजे ह्यांचं."

"त्याचंच. तिथे चाल लांबते ना, वहिनी. 'लगेच' शब्द लांबवायचा कसा? 'गे' ओढला तर गायकाची बकरी होईल. 'सावकाश'मधला 'का' बघा, मोकळा आहे. ओढावा तितका ओढता येतो. त्याला शब्दाचं नसलं तरी स्वराचं बरोबर कळायचं."

वहिनींनी मान हलवली. त्यांना ते पटलेलं दिसलं. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही गेलात की हे तुम्हाला कोपऱ्यापर्यंत सोडायला जायचे. तिथून परत यायला कधी दहा मिनिटं, कधी तास. मी म्हणायचे लगेच, पण कडी लावत नसे ते येईपर्यंत. ह्यांना ते ठाऊक होतं की नाही, मला कधी कळलं नाही." त्यांनी विचारलं, "चालीसाठीच घातला असेल ना तो शब्द, भाऊजी? एवढंच कारण?"

गीतकारांनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात कार्यवाह त्यांच्या दंडाला धरून त्यांना स्टेजकडे घेऊन गेले.

माईकसमोर उभं राहून त्यांनी सगळं खरं सांगितलं. ओळ या बाईंची, त्यातला एक शब्द त्यांच्या नवऱ्याचा, मी फक्त उतरवून घेतली. सभागृहाने कडाडून टाळ्या वाजवल्या. "काय विनय आहे," कार्यवाह शेजाऱ्याला म्हणाले. मग कुणीतरी सुरुवात केली आणि आठशे माणसं उभी राहून गायला लागली. शेवटच्या शब्दातल्या 'का'वर ती सगळी थांबली, श्वास पुरेल तितकी.

गीतकारांनी खाली पाहिलं. पहिल्या रांगेत वहिनी तेवढ्या बसून होत्या. त्या गात नव्हत्या. त्या त्यांच्याकडे बघत होत्या, उत्तर यायचं राहिलंय म्हणून.