सीटची उंची

ब्याण्णव सालची गोष्ट. रविवारी डहाणू ते बोर्डी सायकल शर्यत होती, एकेकाला वेगवेगळं सोडून घड्याळावर वेळ मोजणार होते. माझं नाव सुनंदानेच दिलं होतं, ती वारण्याच्या आठवडाभर आधी. बायकोची तेवढी एकच इच्छा मला पुरी करायची होती. पण ती गेल्यापासून सायकल मला बसतच नव्हती. पुढचं चाक डगमगायचं, दोनदा पडलोही.

लाहू सायकलवाल्याने सीट वर केली, खाली केली, हँडल फिरवून पाहिलं. शेवटी वैतागला, "दादा, नवरदेवाच्या सुटाला पण एवढी मापं घेत नाहीत."

"हात जोडतो लाहू, काहीतरी कर."

"चला, मी मागे बसून बघतो," म्हणत तो कॅरिअरवर बसला. बोर्डीकडे जाणाऱ्या चिखल्याच्या रस्त्याला लागलो आणि सायकल सरळ चालू लागली.

 मागून लाहू हळूच म्हणाला, "सीट बरोबर आहे, दादा. इतकी वर्षं वहिनी मागे बसायच्या, तुमच्या अंगाला तीच सवय झालीय. थांबवा, उतरतो मी."



"बोर्डीपर्यंत तरी बस," मी म्हणालो.