एका सकाळपुरती मालकीण

वडिलांचा फोटो रेनिटाने सगळ्यात शेवटी उतरवला. त्याआधी गणवेशातला भाऊ, तिचं स्वतःचं लग्न, चर्चच्या गायकांत उभी असलेली आई, घरातले सगळे काळे चेहरे खोक्यात गेले होते. मोकळ्या खिळ्यांवर कॉलीनने आपली लाल केसांची पोरं टांगली.

"सासूचाही आणणार होते," कॉलीन म्हणाली, "पण तिच्या तोंडाने घराची किंमत उतरली असती."

रेनिटा हसली. मागच्या खेपेला घराची किंमत ठरवायला आलेल्या माणसाला तिने स्वतः दार उघडलं होतं, आणि त्याने शेजारच्या तशाच घरापेक्षा कितीतरी कमी किंमत लावली होती. तेवढ्यावर बँक पुरेसं कर्ज देईना. कर्ज नाही तर आईजवळ दिवसभर बाई ठेवणं नाही, आणि आईची आठवण तर रोज थोडी उसवत चाललेली. मग राहिला वृद्धाश्रम. म्हणून आज दुसरा माणूस येणार होता आणि घराची मालकीण होती कॉलीन, रेनिटाबरोबर शाळेत शिकवणारी गोरी मैत्रीण.

"आई, चल, गाडीतून एक चक्कर मारून येऊ."

आई भिंतीवरच्या लालकेशा पोरांकडे टक लावून बघत होती. "मी कुठे येऊ? इथली कामं पडलीत सगळी."

"ऐक ना गं."

"तू जा बाई. उगाच बोलणी खायला लावशील."

"राहू दे त्यांना, मी बघते," कॉलीन म्हणाली. "तू नीघ, तो येईलच."

समोरच्या कडेला लावलेल्या गाडीत बसून रेनिटा आपल्याच घराच्या मोठ्या खिडकीतून आत बघत राहिली. माणूस आला. खोल्या मोजू लागला. आणि आई उठली. कुठून तरी फडकं काढलं आणि कॉलीनच्या पोरांच्या काचा एकेक करून पुसू लागली. माणूस जवळून जाऊ लागला तशी ती भिंतीला चिकटली. फडकं पोटाशी, नजर जमिनीवर.

उभा जन्म आईने हाइट्सवरच्या श्रीमंत वस्तीत गोऱ्यांची घरं झाडली होती. रेनिटाने तिला कामावर असताना कधी पाहिलं नव्हतं.

माणूस पायरीवर आला, कॉलीनचा हात हातात घेऊन मोठ्याने म्हणाला, "घर काय राखलंय हो तुम्ही!" त्याची गाडी वळणाआड गेली तसा कॉलीनने दारातूनच अंगठा उंचावला.

रेनिटा रस्ता ओलांडून घरात शिरली. आईने तिला नखशिखांत पाहिलं, लगबगीने पुढे येऊन तिचा दंड धरला, आणि कॉलीनला ऐकू जाऊ नये अशा बेताने पुटपुटली,

"अगं ए, पुढच्या दाराने काय येतेस? नवीन आहेस वाटतं. मागून यायचं. बाई भली आहे गं, पण म्हणून काय झालं?"