मागचा हॉर्न

सरांना आज मिळण्यासारखं बरंच होतं. कित्येक वर्षं त्यांच्याशी न बोलणाऱ्या धाकट्या भावाची बस चौकापलीकडच्या स्टँडवर चहापुरती थांबणार होती, आणि त्यानं स्वतःहून फोन केला होता, "दादा, ये. चहा सांगून ठेवतो." म्हणजे माफीबिफीची भानगडच नाही. चहा प्यायचा, पाठीवर हात ठेवायचा, झालं. बदल्यात खर्च काय, तर वाटेतले दोन सिग्नल.

खर्च वाढवला पुढच्या निळ्या गाडीनं.

सिग्नल हिरवा झाला. निळ्या गाडीतल्या बाईंनी उजवा आरसा पाहिला. डावा आरसा पाहिला. मग मान वळवून खांद्यावरून मागे पाहिलं. मग हँडब्रेक सोडला. सिग्नल पुन्हा लाल झाला तोवर एकटी तीच गाडी सुटली.

सर ड्रायव्हिंग स्कूल चालवत. गाडीही स्कूलचीच, टपावर पाटी असलेली. शेजारी, एरवी जिथे ते स्वतः बसत त्या जागी, बायको बसली होती. तिच्या पायाशी शिकवणाऱ्याचा जादा ब्रेक होता.

"पाय वर घेऊन बस," सर म्हणाले.

दुसऱ्या सिग्नलला पुन्हा तीच निळी गाडी पुढे. रस्त्याच्या बरोबर मधोमध, वरातीच्या चालीनं येऊन थांबलेली. हिरवा दिसताच सरांनी हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. बाई शांतपणे उजवा आरसा बघत होत्या.

"बहिरी आहे का ही? कुणी शिकवलं हिला?"

"आरसा, आरसा, मान," बायको म्हणाली. "आणि मागचा हॉर्न मागच्याचा, आपल्याला तो ऐकूच येत नाही. हे मी घरात भाजी चिरताना सुद्धा ऐकलंय हो."

सरांनी हॉर्नवरचा हात काढला. पुन्हा ठेवला.

"शिकवलं म्हणजे इतकं पाळायचं असतं का?"

"भाऊजींनी नाही पाळलं. मागून हॉर्न वाजला म्हणून घाबरून गाडी काढली, तर तुम्ही त्यांना भर चौकात खाली उतरवलंत. मागच्या सीटवर शिकणारी पोरं हसत होती. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही."

"आत्ताच काढायचं होतं का हे?"

"स्टँडवर पोचल्यावर तुम्ही काढणार नाही, म्हणून."

बाई डाव्या आरशापर्यंत आल्या होत्या. सरांनी डावीकडून गाडी घुसवली, आरसा न बघता. तिकडून एक म्हातारा सायकल हातात धरून निघाला होता. बायकोचा पाय जादा ब्रेकवर गेला. गाडीनं गचका खाल्ला आणि बंद पडली.

म्हातारा सायकल ढकलत पुढे गेला. मागून हॉर्न सुरू झाले, एकामागून एक, मग सगळे मिळून. सरांनी किल्ली फिरवली, पण गिअर तसाच होता. गाडी उडी मारून पुन्हा बंद पडली. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"तुम्हाला येतोय वाटतं ऐकू," बायको म्हणाली.

गाडी सुरू झाली तेव्हा सिग्नल पिवळा होता. निळी गाडी नियमाप्रमाणे शेजारी थांबलेलीच होती. तिची काच खाली आली.

"सर, तुम्ही? पाटी बघून वाटलंच." बाई भरून पावल्या होत्या. "लोक फार शिव्या घालतात हो मला. पण तुमचा शब्द मोडला नाही. अजून एक ओरखडा नाही गाडीवर, बघा."

सरांनी पाहिलं. खरंच नव्हता.

लाल दिवा लागला. पलीकडच्या स्टँडमधून बस बाहेर आली, चौकातून वळली आणि समोरून गेली. सरांनी खिडक्यांवरून नजर फिरवली, पण बस वेगात होती. तिच्या ड्रायव्हरला कसलीच अडचण नव्हती.

बायकोचा फोन वाजला. तिनं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली आणि मांडीवर ठेवला.

"काय म्हणाला?"

"पाटी दिसली म्हणाले. आणि तुमचा चहा गार व्हायला लागला, म्हणून तोही त्यांनीच प्यायला." ती समोरच्या लाल दिव्याकडे बघत राहिली. "पैसे देऊन टाकलेत म्हणाले, दोन्हींचे."