डावी पिन आधी

बाबांनी त्या जुन्या, बागेपुरत्या ट्रॅक्टरला मला कधी हात लावू दिला नाही. "तुला नाही जमायचं," एवढंच म्हणायचे. ते गेल्यावर दादाने बजावलं, "रविवारी चालवून दाखवलास तर तुझा, नाहीतर भंगारात."

रविवारी सकाळी मी माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर ट्रॅक्टरच्या मागे एकटीने चढवला. त्याची पाती फिरवणारा पट्टा दोनदा निसटला. तिसऱ्यांदा, बाबांना करताना बघितलं होतं तशी, जोडाची डावी पिन आधी ठोकली, आणि पट्टा गपकन बसला.

इंजिन खोकलं, मग गरजलं. फिरती पाती जमिनीत शिरली. यंत्र मागे असण्याची हीच तर मजा! आपल्याच चाकांच्या खुणा ते पुसून टाकतं आणि मागे उरते कोरी, मऊ माती.

पहिली ओळ संपवून वळले, तर कोऱ्या मातीत हात-हातभर अंतरावर भोकं होती, बोट खुपसल्यासारखी. ओळ संपली की बाबा उतरून असेच मागे चालत जायचे, वाकून बोटाने खोली बघायचे.

पावलं मात्र कुठेच उमटली नव्हती.

मी थांबले नाही. प्रत्येक ओळीत भोकं होती, आणि प्रत्येक ओळ सुतासारखी सरळ होती. शेवटची ओळ संपली तशी इंजिन बंद करून मी उभी राहिले आणि ओरडले, "जमलं!"

कुंपणापाशी दादा टाळ्या वाजवत होता. वाजवतच तो माझ्या मागच्या बाजूला आला, आणि टाळ्या थांबल्या.

"तुझ्या पाठीवर मातीचा पंजा उमटलाय. शाबासकी दिल्यासारखा."

मी मान वळवायला गेले.

"हलू नकोस," दादा कुजबुजला. "दुसरा उमटतोय."