दारापर्यंत

वळणावरचा दगड गाडीच्या पोटाला खर्रकन घासला आणि सुताराने दोन्ही पाय पुढे रेटले, जणू ब्रेक त्याच्याच पायाखाली होता.

"दगड बघून चालव की जरा."

"बघायला आधी दिसायला हवा ना," ती म्हणाली.

म्हणाली खरं, पण तिचं तिलाच नवल वाटलं. उभी हयात तिने याच घाटात बस चालवली होती. गावात सगळे तिला ड्रायव्हरबाई म्हणत आणि तिच्या सुतारकाम करणाऱ्या नवऱ्याला नुसतं सुतार. कठडा कुठे फुटलाय, पाणी झिरपून डांबर कुठे सुटतं, सगळं तोंडपाठ. पण ते सगळं बसच्या उंच सीटवरून. आज ती जवळजवळ रस्त्याला टेकून बसली होती. पाय लांब पसरलेले, स्टिअरिंग छातीशी, आणि पुढे लालभडक, लांबच लांब बॉनेट. चढ लागला की रस्ता त्याच्या आड गडप व्हायचा.

गाडी त्यांच्या मुलाची होती. मागच्या महिन्यात शहरातल्या भाड्याच्या खोलीत तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. ही दोघं पोचली तेव्हा बोलायला तो उरला नव्हता. गाडी मात्र खाली तशीच उभी. जागा मोकळी करा म्हणून घरमालकाचा पुन्हा फोन आला, तशी आज सकाळीच जाऊन दोघांनी किल्ली घेतली होती.

"इथून दरी दिसतच नाही," ती म्हणाली. "बसमधून थेट नदीपर्यंत दिसतं. इथून आपला नुसता कठडा."

सुताराने मान उंचावून कठड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हणजे त्याला भीती वाटत नसेल."

"मला वाटायची. तो निघाला म्हटलं की पोचेपर्यंत."

पुढच्या अरुंद वळणावर वरून बस आली. दोन्ही गाड्यांना एकदम जागा नव्हती. बसचा ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि खाली बघून ओरडला, "ए राजा, ते खेळणं घे मागे!"

तिने काच खाली करून मान बाहेर काढली. डेपोतला जुना सोबती होता. त्याचं तोंड उघडंच राहिलं. लाल गाडी त्याच्या ओळखीची होती. कुणाची, तेही त्याला ठाऊक होतं.

"ताई... तुम्ही होय."

"मी घेते मागे, थांबा."

"छे, छे. तुम्ही कशाला?" असं म्हणून त्याने भरलेली बस मागे घ्यायला सुरुवात केली. रुंद जागा बरीच वर होती. कंडक्टर उतरून मागे धावला. प्रवासी खिडक्यांतून वाकून बघत होते. आधी वैतागून, मग कुणीतरी काहीतरी सांगितलं असावं, कारण एकेक चेहरा आत गेला. सुतार मांडीवरच्या हातांकडे बघत बसला होता.

गावाबाहेर, घराकडे वळणाऱ्या चढाच्या पायथ्याशी तिने गाडी थांबवली. चढ छातीवर येणारा, आणि दगडधोंड्यांचा. यावरून गाडी गेली असती तर तिचं पोट फाटूनच गेलं असतं.

"इथेच लावते. तोही इथेच लावायचा."

सुताराला त्या खोल सीटवरून उठता येईना. तिने पलीकडून जाऊन हात दिला. उभा राहिला तसा तो चढ चढून गेला. कुलूप काढायला गेला असेल, असं तिला वाटलं.

तो परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर फळी होती. जाड, सागवानी, रंधा मारून गुळगुळीत केलेली. ती त्याने दगडांवर टाकली आणि पुन्हा वर गेला. अशा खेपा घालत राहिला. कपच्या ठोकून त्याने प्रत्येक फळी पक्की केली, पाय देऊन पाहिली, हलली की पुन्हा ठोकली.

मागच्या वेळी आला तेव्हा मुलाने इथूनच तिला फोन केला होता. "आई, बाबांना सांग ना, दोन-चार फळ्या टाकल्या तर गाडी दारापर्यंत येईल. त्यांना एकदा बसवतो." सुताराने ते ऐकलं आणि फोनमध्ये जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "माझ्या दारात यायचं तर पायांनी यावं माणसाने. असली थेरं नकोत." ती धावत खाली येईपर्यंत लाल गाडी वळण घेऊन गेली होती.

"ह्या कुणाच्या तरी दरवाज्याच्या फळ्या ना?" तिने विचारलं. "वळ उठतील चाकांचे."

"उठू देत."

तो चढाच्या टोकाशी जाऊन उभा राहिला. ती आत बसली, गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला. फळ्या करकरल्या. त्या तिला दिसत नव्हत्याच. बॉनेटच्या वर सुताराचे दोन हात तेवढे दिसत होते, पंजे आत वळवून बोलावणारे.

"सरळ. हां. येऊ दे."

चाकं पहिल्या फळीवर चढली, दुसरीवर आली. तो एकेक पाऊल मागे सरत होता.

"ये... ये," तो म्हणत होता. "ये रे. घाबरू नको. ये रे, ये..."

तिने क्लच जपून सोडला आणि ती गाडी वर नेत राहिली.