रिकामी नसेलच

“अजून पिवळी रेघ दिसतेच आहे,” सुबोधसर धम्मप्रियाच्या मागं उभं राहून म्हणाले.

रेघ एकाच ठिकाणी होती, वधू-वर अ‍ॅपच्या कोडमध्ये ‘जात’ या शब्दाखाली. कोड तपासणारा कंपायलर बजावत होता: ही जागा रिकामी येऊ शकते, आली तर काय करायचं ते लिहा.

धम्मप्रियानं दोन वाटा सुचवल्या. फॉर्ममध्ये जात सक्तीची करावी, नाहीतर ती नसली तरी अ‍ॅप चालेल असं पाहावं. सरांना दोन्ही पटेनात. सक्तीचं लिहिलं तर लोक नावं ठेवतील, म्हणाले.

“आणि जात न सांगता सोलापुरात स्थळ बघायला कोण येतंय, सांग की. उद्गारचिन्ह टाक आणि मोकळी हो.”

ते चिन्ह म्हणजे कंपायलरला दिलेली हमी: ही जागा रिकामी नसेलच. हमी खोटी ठरली तर अ‍ॅप बंद पडणार. धम्मप्रियाची नोकरी नवी होती. कायम करायचं की नाही, ते आजच्या उद्घाटनावर ठरणार होतं. तिनं चिन्ह टाकलं. रेघ गेली.

संध्याकाळी नवी पेठेतलं ते छोटं ऑफिस पाहुण्यांनी भरलं. ओळखीच्या घरांतून फॉर्म आधीच भरून घेतले होते, सरांच्या घरूनही. सरांची मुलगी भार्गवी पेढे वाटत होती. सरांनी भिंतीवरच्या पडद्यावर अ‍ॅप उघडून ‘सर्व स्थळं’ दाबलं. अ‍ॅप बंद पडलं. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद.

मुहूर्त कुणी काढला होता, असं एका पाहुण्यानं विचारलं आणि हशा पिकला.

सरांच्या लक्षात आलं, कुणीतरी जात भरलेली नाही. त्यांनी धम्मप्रियाला पुढं बोलावलं.

“कुणाचा फॉर्म आहे? सगळ्यांसमोर नाव वाच. असलं स्थळ आपल्याला ठेवायचंच नाही.”

तिनं लॅपटॉपवर नाव शोधलं. वाचलं. परत एकदा वाचलं. ते मोठ्यानं उच्चारलं असतं तर तिला कुणी बोल लावला नसता.

“फॉर्म सगळे बरोबर आहेत, सर,” ती म्हणाली. “कोड माझा चुकला.”

“मग उद्यापासून येऊ नको.”

तिनं पर्स उचलली. जिन्यापर्यंत भार्गवी तिच्यामागं आली, पेढ्यांचं तबक हातात तसंच.

“माझं नाव वाचायचं होतं की, ताई,” ती हळूच म्हणाली. “जात बघून लग्न करायचं नाही मला, पण बाबांना तोंडानं सांगायची हिंमत होत नाही, म्हणूनच रिकामी सोडली होती मी ती जागा.”